'अ ख्रिसमस कॅरल': साधं वाचन ऐकायचं की गाण्यांचं श्रुतिनाट्य?

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची ही भुताची गोष्ट १८४३ ची, कंजूष म्हाताऱ्या स्क्रूजला ख्रिसमसच्या आदल्या रात्री भुतं भेटायला येतात ती, आणि तिच्या पाचही प्रकरणांना त्याने 'स्टेव्ह' म्हटलंय, म्हणजे गाण्याचं कडवं, त्यामुळे संगीत तिच्यात मुळातच आहे असं मला वाटतं. साध्या वाचनात निवेदकाची ती मिश्कील भाषा पूर्ण मिळते, डिकन्स स्वतः स्टेजवर हीच गोष्ट वाचून दाखवायचा. श्रुतिनाट्यात ती बरीच कापावी लागते आणि हे नुकसान खरंच मोठंय.

पण स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ले, त्याचं भूत येतं तो सीन घ्या ना, आधी घरातल्या सगळ्या घंटा वाजायला लागतात, मग एकदम थांबतात, आणि खाली तळघरातून साखळ्या ओढल्याचा आवाज जिना चढत वर येतो... हेडफोन लावून अंधारात ऐकलं की अंगावर काटाच येतो, म्हणून मी तर श्रुतिनाट्यच घेईन. स्क्रूजचा तरुणपणीचा मालक फेझीविग, त्याच्या पार्टीत फिडल आहेच, तिथे गाणं आपोआप बसतं.

अडचण मार्लेनंतर येणाऱ्या तीन भुतांपैकी तिसऱ्याची, म्हणजे भविष्य दाखवणाऱ्याची, ते एक शब्दही बोलत नाही, नुसतं बोट दाखवतं. वाचनात एका वाक्यात काम होतं, पण नाटकात बोट ऐकवणार कसं? तिथे फक्त चेलोचा एक खोल सूर हवा, गाणं अजिबात नको.