सोरायसिस आणि होमिओपॅथी : आठ महिने गोळ्या घेतल्यानंतर

सकाळी उठल्या उठल्या चादर झटकणं हे माझं पहिलं काम असायचं. माझ्या बाजूला पांढरा भुगा पडलेला असे आणि सासूबाई उठायच्या आत तो गॅलरीत झटकून यायची माझी घाई. कोपरं, गुडघे, कानामागे आणि केसांत सोरायसिसचे, खपल्या सुटणारे चट्टे होते. ज्यांना हे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्यांच्यासाठीच सविस्तर लिहितेय. मला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझ्या उजव्या हाताचं एक बोट वाचलं असतं.

त्याआधी वर्षभर मी स्टिरॉइडचं मलम लावत होते. लावलं की पंधरा दिवसांत चट्टे जायचे, थांबवलं की परत हजर. कंटाळले होते. लोकलच्या लेडीज डब्यात रोज सोबत असणारी एक जण म्हणाली, "अगं, माझ्या भाचीचं होमिओपॅथीने मुळापासून गेलं." 'मुळापासून' या शब्दाने मला दादरच्या त्या दवाखान्यात नेलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी दीड तास दिला. तहान किती लागते, थंडी सोसते की ऊन, राग आला की रडू येतं का, आई गेली तेव्हा काय झालं. आईचं बोलताना मी रडले. इतक्या शांतपणे माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, आणि त्याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी आदर आहे. दिवसातून चार वेळा चार साबुदाणी गोळ्या. कांदा, लसूण, कॉफी, कापूर वर्ज्य. आणि मलम त्या दिवसापासून बंद.

जानेवारीत सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात चट्टे दुपटीने वाढले, पाठीवरही आले. डॉक्टर म्हणाले, "आत दाबलेलं बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे." मी विश्वास ठेवला. कडक स्टिरॉइड मलम एकदम सोडलं की आजार असाच उसळतो, म्हणून ते हळूहळू कमी करायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग एप्रिल-मे आला. तीन आठवडे गुहागरला माहेरी होते. सकाळी अंगणात उन्हात बसायचं, दोनदा अंगभर खोबरेल. चट्टे फिके पडले, खपल्या गेल्या, फक्त डाग राहिले. मी हरखून गेले, डब्यातल्या दोघींना त्याच दवाखान्यात पाठवलं. आज ते मनाला लागून राहिलंय. कारण सोरायसिस मुळातच भरती-ओहोटीसारखा वागतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी बऱ्याच जणांचा उतरतो. त्वचेच्या ओपीडीत ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबी दिव्याने हेच उपचार मोजून मापून देतात. गुहागरला माझ्या अंगाला जे लागू पडलं ते ऊन आणि तेल होतं. गोळ्या तर मी जानेवारीपासून घेतच होते.

जूनपासून सगळं परत. श्रावणात नणंदेकडे मंगळागौरीला फुगडी घालताना काचेची बांगडी फुटली, मनगटावर बोटभर ओरखडा आला. बारा-तेरा दिवसांनी बरोबर त्या ओरखड्यावर, रेघ मारावी तसा, नवा चट्टा उठला. जखम होते तिथे सोरायसिस उगवतो. याला कोबनर फिनॉमिनन म्हणतात. तेव्हापासून कपाळाला हात लावला तरी नखं जपून.

पण खरं दुखणं बोटाचं. जूनमध्ये अनामिका अख्खी सुजली, वेलची केळ्यासारखी. अंगठी निघेना, सोनाराकडे जाऊन कापून काढली. सकाळी तासभर मूठ वळत नसे. नखांवर शिवणकामाच्या टोपणावर असतात तसे बारीक खड्डे पडले होते. हे सगळं मी दवाखान्यात दाखवलं. उत्तर आलं, "पॉवर वाढवू." गोळ्यांची पॉवर दोनशेवरून वन एम, म्हणजे हजार, झाली आणि माझे तीन महिने गेले.

ऑगस्टअखेर पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरबाईंनी चट्ट्यांच्या आधी नखं बघितली आणि विचारलं, "सकाळी सांधे किती वेळ आखडतात?" त्या दोन मिनिटांत आजाराचं नाव कळलं: सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारी सांध्यांची सूज. सोरायसिस असलेल्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो होऊ शकतो. त्यांनीच समजावलं की सोरायसिस हा नुसता कातडीचा रोग नव्हे. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच अंगावर उलटते, महिनाभरात तयार होणारी त्वचा तीन ते पाच दिवसांत वर येते आणि तिचे थर साचतात. हा संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. माझ्या शेजारची सीट सोडून उठणाऱ्या बायकांना हे सांगावंसं वाटतं.

गोळ्यांबद्दल नंतर वाचलं. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८२८ मध्ये बहुतेक जुनाट आजारांचं मूळ 'सोरा' नावाच्या दोषात आहे असं मांडलं. तेव्हा संरक्षण पेशी कुणाला माहीत नव्हत्या. पोटेन्सी म्हणजे तीच ती 'पॉवर'. तीस पोटेन्सी म्हणजे एकास शंभर असं पातळ करणं तीस वेळा. बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी गुणकारी आहे असा विश्वासार्ह पुरावा त्यांना एकाही आजारासाठी मिळाला नाही. गोळ्यांनी मला थेट अपाय केला नाही. अपाय झाला तो वाट बघण्याने.

आता सहा महिने मेथोट्रेक्झेट ही संरक्षण यंत्रणेला आवर घालणारी गोळी घेतेय. आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'रविवार' लिहून ठेवलंय. सोबत दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि ठरलेल्या तारखांना यकृताची व रक्ताची तपासणी. गोळी घेतल्यावर सोमवारी मळमळतं, ते खरं आहे. पण तिसऱ्या महिन्यात कोपरं साफ झाली. चादर आता स्वच्छ असते. अनामिकेचा टोकाचा सांधा मात्र पूर्ण वळत नाही. मोदकाच्या कळ्या पाडताना ते बोट बाहेर राहतं.

मी पाठवलेल्या त्या दोघींना मी मेसेज केला. एकीने उत्तर दिलं नाही. दुसरीने सोमवारी डब्यात हात पुढे केले. तीन बोटांच्या नखांवर तेच खड्डे. गुरुवारी रजा टाकली आणि सकाळी आठला तिला घेऊन केसपेपरच्या रांगेत उभी राहिले.