जर्मनीतून नाशिकला स्वस्तात फोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

रोजच्या बोलण्याला व्हॉट्सअ‍ॅप, अडीनडीला मिनिटांवर पैसे कापणारं एखादं कॉलिंग अ‍ॅप आणि ओटीपीपुरतं भारतातलं सिम. शिकायला आलेल्याला एवढं पुरतं. पण वापरून झाल्यावर ठाम मत असं की पैसे आणि डोकं दोन्ही नाशिकच्या घरात खर्च करावं. आवाज तुटतो तो बहुतेक वेळा तिकडेच.

आधी घरच्यांचा रिचार्ज बघा. रोज दीड जीबीचा पॅक संध्याकाळपर्यंत रील्समध्ये संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. जर्मनीतले दुपारचे ४ म्हणजे हिवाळ्यात नाशिकला रात्रीचे साडेआठ, म्हणजे नेमकी नेट संपलेली वेळ. तेव्हा व्हिडिओचा नाद सोडा. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, व्हिडिओला दहापट किंवा त्याहून जास्त. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’खाली कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो दोन्हीकडे सुरू ठेवा.

फोन वाजतच नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद केली जातात. आईच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपची बॅटरी मर्यादा काढा आणि ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. जर्मन नंबरवरून नवं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल, तर घरच्यांच्या फोनवर प्रायव्हसीमधलं ‘अनोळखी कॉलर म्यूट’ तपासा. ते सुरू असेल आणि तुमचा नंबर घरी सेव्ह नसेल तर रिंग येणारच नाही. जुना भारतीय नंबरच व्हॉट्सअ‍ॅपला ठेवला तर ही भानगड राहत नाही.

आपलाच आवाज सेकंदाभराने परत ऐकू येत असेल, तर दोष आपल्या फोनचा नाही. तिकडे आजी स्पीकर पूर्ण मोठा करून बोलत असते आणि स्पीकरचा आवाज तिच्याच माइकमध्ये शिरतो. आवाज दोन घरं कमी करायला सांगा, प्रतिध्वनी लगेच जातो. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि आई स्वयंपाकघरात, अशी सिडकोच्या फ्लॅटमधली मांडणी असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ च्या वायफायला जोडा. भिंतींमधून तो जास्त लांब पोचतो. लाइट गेली की वायफाय जातं, म्हणून राउटरला छोटा यूपीएस घ्या. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद. इतक्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

तरी पेठ-सुरगाण्याकडच्या गावात नेट नसेल, तर साधा फोनच लावावा लागतो. लेबारा, लायकामोबाइल या जर्मनीत सिम विकणाऱ्या कंपन्यांकडे भारताची मिनिटं असलेले पॅक मिळतात. मिनिटावर चालणारं अ‍ॅप घेताना नुसता दर बघू नका. समजा, मिनिटाला २ सेंट आणि जोडणीचे २५ सेंट, तर तीन मिनिटांचा फोन ३१ सेंटला पडतो. शिल्लक कधी बाद होते आणि अर्धं मिनिट पूर्ण धरतात का, हेही वाचा. असंच एक अ‍ॅप, स्काइप, ५ मे २०२५ ला बंद झालं, त्यामुळे त्याची शिफारस करणारे जुने सल्ले सोडून द्या.

अशा अ‍ॅपमध्ये कॉलर आयडी, म्हणजे समोरच्याला दिसणारा नंबर, म्हणून भारतीय नंबर लावू नका. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवणारी यंत्रणा भारतात ऑक्टोबर २०२४ पासून आहे. जर्मन नंबर लावा आणि तो घरी नावासकट सेव्ह करून द्या. फसवणुकीच्या भीतीने वडीलधारे +४९ चा (जर्मनीचा कोड) अनोळखी फोन उचलत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. लँडलाइनला ००९१ २५३ आणि पुढे सात आकडे. ०२५३ मधलं पहिलं शून्य गाळायचं, तिथेच बहुतेकांचा फोन अडतो.

भारतातलं प्रीपेड सिम ९० दिवस वापराविना राहिलं आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असली, तर नंबर बंद होऊ शकतो. निघण्यापूर्वी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही, आणि रोमिंग डेटा मात्र फोनमधून बंद ठेवा. पुढचे रिचार्ज घरच्यांनी नाशिकहून मारलेले सोपे.