ट्यूमर मार्कर की लिक्विड बायोप्सी?

पुण्यात 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात दोन-चार ट्यूमर मार्कर हल्ली सहज जोडून मिळतात. लिक्विड बायोप्सीचं बिल त्याच्या कितीतरी पट. रक्त दोन्हीला लागतं, पण त्यात शोधायचं ते वेगळं.

मार्कर म्हणजे बहुतेकदा प्रथिन, आणि ते कॅन्सरशिवायही वाढतं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात त्या सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५. पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये ती ओलांडली जाते. पोटाच्या टीबीत तर आकडा शेकड्यांत जातो, म्हणून पोटात पाणी दिसलं की अंडाशयाचाच कॅन्सर धरू नये. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी बघतात तो सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत मुळातच जास्त असतो. प्रोस्टेटचा मार्कर पीएसए लघवीच्या जंतुसंसर्गाने चढतो. उलट फिनास्टेराइड (प्रोस्टेटवाढीचं, केसगळतीचं औषध) बरेच महिने चालू असेल तर साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे ३ दिसला तर खरा ६ च्या आसपास. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचा पीएसए काही यंत्रांवर खोटाच कमी येतो. गोळी दोन-तीन दिवस आधी बंद करा.

लिक्विड बायोप्सीत गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे वाचतात. इथे घोळ बहुधा नळीत होतो. जांभळ्या झाकणाच्या साध्या ईडीटीए नळीतून काही तासांतच प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेला द्रव) वेगळा करावा लागतो. नमुना मे महिन्यात दुपारभर स्कूटरच्या डिकीत फिरला, तर पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा अंश त्यात बुडून जातो. रिपोर्ट येतो 'निगेटिव्ह'. पेशी टिकवणारी खास नळी मागा. १० मिली पूर्ण भरून हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, फ्रिजमध्ये ठेवायची नाही. उतारवयात रक्तपेशींमधलेच बदल कधी गाठीचे वाटतात, तेही ध्यानात असू द्या.

मग घ्यायचं काय? त्रास काहीच नसेल, तर आमच्या मते दोन्ही नकोत. अनेक कॅन्सर एकदम शोधणाऱ्या गॅलेरी या अमेरिकी चाचणीलाही २०२१ च्या अभ्यासात पहिल्या टप्प्यातले १०० पैकी जेमतेम १७ सापडले. तेच पैसे मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी, तंबाखू खाणाऱ्याने तोंडाची तपासणी यात घाला. पन्नाशीनंतर पीएसए हवाच असेल, तर आधी यूरॉलॉजिस्टशी बोला.

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय? तिथे स्वस्तातला सीईए चांगला: दर ३ ते ६ महिन्यांनी, एकाच लॅबमध्ये, कारण यंत्र बदललं की आकडा बदलतो. फुफ्फुसाच्या गाठीचा तुकडा अपुरा पडला आणि औषध ठरवायला ईजीएफआर जनुकातला बदल बघायचाय, तर लिक्विड बायोप्सीला पैसे मोजा. मात्र ती निगेटिव्ह आली, तर तुकडा पुन्हा काढावाच लागतो.