काटा आपला, तरी माप मारलेलं : कोकरं संस्थेमार्फत विकताना झालेली फसवणूक

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यातल्या मेंढपाळांनी हे जरूर वाचावं. आमच्या भागात मेंढपाळांनीच भागभांडवल घालून एक उत्पादक कंपनी उभी केली. तिच्यामार्फत विकलेल्या कोकरांचे पैसे सलग दोन हंगाम सभासदांच्याच हातून निसटले. तक्रार दाखल आहे, म्हणून कंपनीचं नाव घेत नाही. पैसे कुठे कुठे आणि कसे मारले गेले, ते मात्र नीट मांडतोय, कारण हीच पद्धत दुसरीकडेही चालू शकते.

हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी-दलाल, फसवणार हे गृहीत धरूनच मेंढपाळ बाजारात उतरतो. रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, नगावर अंदाजानं भाव ठरतो, आणि पटलं नाही तर कोकरं माघारी नेता येतात. संस्थेच्या काट्यापाशी तो सावधपणा सुटतो. "आपलीच कंपनी आहे, हिशोब मागून होईल," एवढ्या शब्दावर चाळीस-चाळीस कोकरं गाडीत चढली. आपलीच आणि मागून, या दोन शब्दांच्या आडोशाला पुढचं सगळं घडलं.

पहिली चोरी काट्यावर. वजनाला इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा असतो आणि त्यावर कोकरू उभं करायला लोखंडी पिंजरा. रिकामा पिंजरा ठेवून टेअरचं बटण दाबलं की त्याचं वजन वजा होऊन आकडा शून्यावर येतो. इथपर्यंत सगळं रीतसर. पण बटण दाबताना एकानं पिंजऱ्यावर हात टेकलेला असायचा. दिसायला नुसता आधाराला ठेवलेला हात, पण दीड किलोचा दाब सहज पडतो. बटण दाबून झालं, हात काढला, की रिकाम्या पिंजऱ्याचा आकडा शून्यावर राहत नाही, उणे १.५० दाखवतो. ती उण्याची बारीक रेघ कुणाला दिसू नये म्हणून आकड्यांची पट्टी कारकुनाकडे वळवलेली असायची. मग २२ किलोचं कोकरू २०.५० भरतं. दर दहा-बारा कोकरांनंतर "पिंजरा घाण झाला" म्हणून पुन्हा टेअर आणि पुन्हा हात.

हा दीड किलो प्रत्येक तोलामागे एकदाच जातो. पाच कोकरं एकत्र तोलली तर पाचही कोकरांत मिळून दीड किलो जाईल, एकेक तोललं तर साडेसात. "प्रत्येक नगाचं अचूक वजन हवं," असा आग्रह तिथे का धरला जात होता, ते फार उशिरा लक्षात आलं. सकाळी काट्यावर २० किलोचं वजन ठेवून दाखवायचे आणि ते बरोबर भरायचं, कारण हात टेकायची वेळ त्यानंतर यायची. म्हणून तपासणी तोल चालू असताना, मध्येच, न सांगता करायची. पिंजरा रिकामा झाला की आकडा शून्य हवा आणि पट्टी दोन्ही बाजूंना दिसायला हवी. शिक्क्याचं २० किलोचं वजन चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं ठेवून बघा. एखाद्या कोपऱ्यावर कमी भरलं तर कोकरू पिंजऱ्यात कुठे उभं आहे त्यावर त्याचं वजन ठरेल. शिक्क्याचं वजन जवळ नसेल तर पाण्याचा ड्रम चालतो. आधी रिकामा ड्रम तोलून घ्या, मग २० लिटर मोजून पाणी ओता, आकडा बरोबर २० किलोनं वाढायला हवा. काट्यावर त्या वर्षीच्या पडताळणीचा शिक्का आणि वैध मापन विभागाचं प्रमाणपत्र असतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. कोकरू हलतं तेव्हा आकडा नाचतो आणि कारकून त्यातला खालचा आकडा उचलतो. जनावरांच्या काट्याला आकडा सरासरीवर स्थिर करायची सोय असते, ती चालू करायला लावा.

दुसरी चोरी 'घट' या नावाखाली. गाडीत आणि उपाशीपोटी जनावराचं वजन उतरतं, हे खरं आहे. म्हणून भरल्या पोटाच्या वजनातून पाच टक्के कापणं एक वेळ समजू शकतं. पण इथे कोकरं आदल्या संध्याकाळीच आणून, चारा-पाण्याविना ठेवून, सकाळी तोलायचे. म्हणजे घट कोकराच्या अंगातून आधीच गेलेली असते. तीच घट पट्टीवर, म्हणजे मेंढपाळाला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदावर, पुन्हा कापायचे.

हिशोबासाठी धरू, ४० कोकरं, सरासरी खरं वजन २२ किलो, भाव किलोला ३८० रुपये. ८८० किलोचे ३,३४,४०० रुपये व्हायला हवेत. दीड किलोच्या मारानं ८२० किलो भरले, पाच टक्के घट जाऊन ७७९ उरले. रक्कम झाली २,९६,०२०. अडतीस हजारांहून जास्त रुपये कोकरू गाडीत चढायच्या आधीच गेले, आणि त्यात हमाली-तोलाई अजून धरलेलीच नाही.

माडग्याळी या जत भागातल्या मेंढ्यांच्या वाणाच्या कोकरांबाबत याहून मोठं नुकसान झालं, आणि ते सगळ्यात जिव्हारी लागणारं आहे. बाकदार नाकाचं, उंच, लांब पायांचं नर कोकरू पैदाशीसाठी जातं. त्याला खाटकाच्या भावाच्या कितीतरी पट किंमत येते. अशी कोकरं तोलून मटणाच्या भावानं पट्टीवर चढवली गेली आणि मागच्या दारानं मेंढा म्हणून वेगळी विकली गेली. पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेला वाण किलोवर गेला. पैदाशीचं कोकरू कधीच सरसकट गाडीत घालू नका. त्याची वेगळी पावती, वेगळा भाव, आणि विकत घेणाऱ्याशी समोरासमोर बोलणं.

मग 'मर'. वाटेत दोन कोकरं मेली असं सांगून ती मालकाच्या पट्टीतून वजा केली जायची. वरच्या हिशोबात दोन कोकरांचे १४,८०० रुपये होतात. चार वाड्यांची, म्हणजे चार मेंढपाळांच्या कळपांची, कोकरं एका गाडीत मिसळलेली असल्यामुळे कुणाचं कोकरू मेलं हे कारकून म्हणेल तेच खरं. कानातला १२ आकडी बिल्ला इथे कामाला येतो. गाडी भरताना बिल्ल्यांचे आकडे पावतीवर लिहून घ्यायचे, आणि मर दाखवली तर बिल्ल्यासकट कानाचा फोटो आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मागायचा. विमा असेल तर दाव्याची रक्कम कुणाच्या खात्यात गेली, तेही विचारायचं. त्या दोन हंगामांत एकाही मेलेल्या कोकराचा बिल्ला दाखवला गेला नाही.

शेवटचा आणि सगळ्यात 'कायदेशीर' दिसणारा मार्ग म्हणजे राखून ठेवलेला भाव. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे उत्पादक कंपनीला सभासदाच्या मालाच्या किमतीचा काही भाग मागे ठेवता येतो आणि नंतर तो रोख, वस्तुरूपात किंवा समभागांच्या रूपात देता येतो. तरतूद चांगल्या हेतूची आहे, भांडवल उभं राहावं म्हणून. इथे वीस टक्के, म्हणजे वरच्या हिशोबात ५९,२०४ रुपये, राखले गेले. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे निघाले, आणि रकमेचे समभाग करण्याचा ठराव त्यानंतरच्या सभेत झाला. नोटीस गावच्या पत्त्यावर गेली. घरी म्हातारी माणसं, वाडा कुठल्या तरी शिवारात लेंडीखतासाठी बसवलेला. सभेला आले ते संचालकांचे नातेवाईक. सभासदाच्या हातात पडले २,३६,८१६. हेडी दारात येऊन रोख देत होता, त्याहून हे कमी होतं.

नोंदणी कशाखाली आहे हे आधी बघा, कारण तक्रारीचं दार त्यावर ठरतं. सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागतो. त्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनाशुल्क पाहता येतात. तक्रार सहायक किंवा उपनिबंधकांकडे जाते. नावाच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' असेल तर सहकार निबंधक कार्यालयाला त्यात हात घालता येत नाही. आपल्या भागासाठी पुण्याचं कंपनी निबंधक कार्यालय आहे, आणि सभासद-कंपनी वाद समेटानं किंवा लवादापुढे सोडवायची तरतूद आहे. आमच्याकडे तालुक्याच्या सहकार निबंधक कार्यालयात हेलपाटे घालण्यात महिने वाया गेले. काट्याची तक्रार मात्र दोन्ही बाबतींत वैध मापन निरीक्षकाकडेच, आणि ती काटा जागेवर आहे तोवर करायची. आमच्याकडे निरीक्षक येईपर्यंत काटा 'दुरुस्तीला' गेला होता.

हे वाचून कुणी संस्था सोडून पुन्हा रुमालाखाली हात घालायला जाऊ नये. एका वाड्याची चाळीस कोकरं हेड्यापुढे हतबल असतात, तीस वाड्यांची बाराशे कोकरं मुंबईच्या व्यापाऱ्याला भाव विचारू शकतात. म्हणून संस्था हवीच, पण गाडी हलायच्या आधी पावती हातात हवी. तीवर नगांची संख्या, बिल्ल्यांचे आकडे, प्रत्येक तोलाचं वजन, घट किती आणि कशाबद्दल, किलोचा भाव, राखलेली टक्केवारी आणि ती परत करायची तारीख, सगळं लिहिलेलं असावं. भाव अजून ठरला नसेल तर निदान किमान भाव लिहून घ्या. पावतीची एक प्रत वाड्यावरच्या कारभारणीकडे राहू द्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. तोलाच्या वेळी दोन सभासद काट्यापाशी उभे करा. एकानं आकडा बघायचा, दुसऱ्यानं पिंजऱ्याभोवतीचे हात.