मारिओ कार्ट ८ डिलक्स की वर्ल्ड? कानाने ठरवायचं असेल तर

मागच्या काही महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. निन्टेन्डोचं नवं गेम-यंत्र स्विच २ घेऊन मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममधल्या नव्या वर्ल्डवर जायचं, की आहे त्या जुन्या स्विचवर आधीचा ८ डिलक्सच खेळत राहायचं? तिघांनाही मी उलटं विचारलं, "आवाज चालू ठेवून खेळतोस की बंद करून?" बंद करून खेळणाऱ्याचा प्रश्न सोपा आहे. चोवीस गाड्यांची झुंबड आणि नॉकआउट टूर (मागे पडणारे बाद होत जातात ती लांब शर्यत) एवढ्यावर वर्ल्ड घ्यावा आणि मोकळं व्हावं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

मी आवाजासाठीच खेळतो. शर्यतीत बहुतेक वेळा सातवा-आठवा येतो, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. सॅक्सोफोन कुठे सुरू होतो ते मात्र बरोबर सांगू शकतो.

शर्यतीच्या गेमच्या संगीतात जॅझ कशाला, असं विचारणाऱ्यांना एक गंमत सांगतो. जपानमध्ये गाड्या आणि फ्यूजन (म्हणजे जॅझ आणि रॉकची सरमिसळ) यांचं जुनं सूत आहे. १९८७ पासून फुजी टीव्हीवर फॉर्म्युला वनचं प्रक्षेपण सुरू व्हायचं ते टी-स्क्वेअर या फ्यूजन बँडच्या धूनवर. ती बांधली होती बँडचे गिटारवादक मासाहिरो आंदो यांनी. पुढे १९९७ मध्ये ग्रान तुरिस्मो हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला, त्याची शीर्षक धूनही त्यांचीच. त्यामुळे तिकडच्या एका अख्ख्या पिढीला फ्यूजन ऐकलं की टायर जळल्याचा वास येत असावा. आपल्याकडे गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमात आणलेला ट्रम्पेट ऐकला की जसा कॅबरे आठवतो, तसंच काहीतरी.

आता मुद्द्यावर येतो. दोन्ही गेममध्ये खरी माणसं खरी वाद्यं वाजवतात, आणि आत्सुको आसाही यांचं नाव दोन्हीकडच्या संगीतकारांत आहे. म्हणजे घराणं एकच. फरक आहे तो मैफल कशी मांडली आहे त्यात.

८ डिलक्समध्ये प्रत्येक ट्रॅकची आपली धून आहे आणि ती त्या रस्त्याला चिकटलेली आहे. डॉल्फिन शोल्स घ्या. गाडी पाण्याखाली जाते तेव्हा धून अंग चोरून, आळसावल्यासारखी चालते. मग तुम्ही पाण्याबाहेर येता आणि सॅक्सोफोन असा काही सुटतो, की दरवेळी माझा अंगठा सैल पडतो आणि मागचा मला गाठतो. किती वेळा ऐकलं असेल! तरी ती जागा जवळ आली की मी थोडा पुढे सरकून बसतो. समेची वाट बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. माउंट वारिओवर फेऱ्याच नाहीत. विमानातून उडी मारायची आणि तीन टप्प्यांत डोंगर उतरत जायचं, वाद्यमेळही टप्प्याटप्प्याने बदलत जातो. जुन्या एफ-झीरो गेममधल्या म्यूट सिटी आणि बिग ब्लू या धूनांचं तर त्यांनी सोनं केलंय. नव्वदच्या सुरुवातीच्या त्या किरट्या सिंथच्या चालीवर ब्रास आणि गिटार अशी काही चढवली आहे, की मूळ धून आता मला कच्च्या आराखड्यासारखी वाटते.

२०२२-२३ मधल्या बूस्टर पासने, म्हणजे जादा ट्रॅकच्या विकतच्या पुरवणीने, ट्रॅक ४८ चे ९६ झाले. त्यातले सगळेच कानाला भावले असं नाही. मोबाइलवरच्या गेममधून आणलेले काही शहरांचे ट्रॅक दिसायला छान आहेत, पण ऐकायला ठीकठाक.

वर्ल्डची गोष्ट वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर वादनात वर्ल्ड सरस आहे. फ्री रोममध्ये गाडी घेऊन नुसतं भटकत राहिलं की रेडिओ लागल्यासारखी एकामागून एक गाणी येतात. मारिओच्या चाळीस वर्षांतल्या जुन्या धून नव्याने बांधलेल्या आहेत, त्याही दोनशेच्या वर. कधी बिग बँडचा स्विंग, कधी बोसा नोव्हा, कधी फंक, कधी नुसता पियानो. ओळख पटकन लागूच देत नाहीत. लहानपणी भाड्याच्या टीव्ही गेमवर बीप-बीप ऐकलेली चाल तिसऱ्या ओळीला कोपऱ्यातून डोकावते, आणि "अरेच्चा, ही होय!" म्हणेपर्यंत पुन्हा लपते. नाट्यपद तेच, पण गळा बदलला की वेगळंच वाटतं, तसा प्रकार. रात्री दिवे बंद करून, हेडफोन लावून, समुद्राकडेने गाडी सोडून द्यावी. (हेडफोन लावाच. हातातल्या स्विचच्या स्पीकरवर बास गिटार जवळजवळ गायब होतं, आणि जॅझमधून बास काढलं तर राहतं काय?)

मग घोडं अडलं कुठे?

एका रविवारी दुपारी घरात सगळे आडवे झालेले. मी फ्री रोममध्ये, शेजारी पुतण्या. एक धून लागली. स्नेअर ड्रमवर ब्रश फिरतोय, सावकाश चालत जाणारं बास, आणि तोंडाला म्यूट लावलेला ट्रम्पेट. मी गाडी पाण्याच्या कडेला उभी केली. पुतण्या कंटाळला. "काका, ते बघ निळं बटण!" म्हणाला आणि कंट्रोलर ओढून घेऊन त्याने थेट त्या पी-स्विचवर गाडी घातली. मिशन सुरू झालं, त्याचं संगीत वाजायला लागलं, नाणी गोळा करायची धावपळ झाली. माझी धून गेली ती गेलीच.

नाव माहीत नाही, कोणत्या गेममधली तेही माहीत नाही. तेव्हा पडद्यावर गाण्याचं नाव यायचं नाही. संध्याकाळी मोबाइलवर गुणगुणून ठेवली, ती ऐकून बायको म्हणाली, "अरे, मग परत लाव की." तेच तर जमत नव्हतं! पुढचे तीन आठवडे मी रोज अर्धा तास त्याच किनाऱ्यावर गाडी फिरवत होतो, ऑफिस सुटल्यावर हरवलेली छत्री शोधत फिरावं तसा. इतर पन्नास उत्तम गाणी लागली, आणि त्यांतलं एकही मी नीट ऐकलं नाही. कारण प्रत्येक गाणं 'ते नसलेलं' गाणं होतं.

नंतरच्या अपडेटमध्ये पॉज केल्यावर गाण्याचं नाव आणि मूळ गेम दिसायला लागला, ही चांगली सोय झाली. पण हेच पुन्हा वाजव, असं सांगायची सोय निदान मी खेळलो तोवर तरी मला सापडली नाही. थोडक्यात, या मैफलीत वन्स मोअर नाही. आपण पडलो मराठी नाटकाच्या वळणातले. एकेका पदाला चार-चार वन्स मोअर घेणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेलो. आवडलं ते लगेच पुन्हा मिळावं, ही सवय रक्तातच असावी.

वर्ल्डच्या ग्रां प्रीमध्येही, म्हणजे ओळीने शर्यतींच्या स्पर्धेतही, थोडं असंच होतं. पहिली शर्यत सोडली तर उरलेल्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या, त्यामुळे ट्रॅकची स्वतःची धून शेवटच्या फेरीपुरती वाट्याला येते. रंग भरायला लागतो आणि निकाल लागतो. पूर्ण तीन फेऱ्या हव्या असतील तर तो ट्रॅक वेगळा निवडून खेळावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, पुढे काय येणार ते माहीत नसणं हाच तर जॅझचा आत्मा, आणि तू त्याची कॅसेट करायला निघालास. बरोबर आहे. ८ डिलक्समध्ये नेमकी उलटी अडचण आहे. तोच ट्रॅक, तीच धून, सॅक्सोफोनवाल्याने श्वास कुठे घेतलाय तेही पाठ. शेवटच्या फेरीला लय आणि सूर दोन्ही चढतात, त्यात एखादी संथ धून अगदीच विस्कटते. नवल म्हणाल तर फारसं उरलेलं नाही. ज्याला तोचतोचपणाचा कंटाळा येतो त्याने माझं ऐकू नये, वर्ल्डच घ्यावा. तसा तो पस्तावणार नाही.

पण ८ डिलक्समध्ये शेवटच्या बूस्टर अपडेटबरोबर म्युझिक प्लेअर आला. पास वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो, पण यादीतून हवी ती धून निवडा, गाडी न चालवता ऐका. मी भांडी घासताना बिग ब्लू लावतो.

जुना स्विच असेल आणि पास घेतला नसेल, तर माझ्या मते आधी तो घ्या. स्विच २ पुढच्या वर्षी बघता येईल, आपल्याकडे तसाही तो बहुतेकांना बाहेरूनच मागवावा लागतो. स्विच २ आधीच घरात असेल, तर एवढं लक्षात असू द्या की ८ डिलक्सचं कार्ड त्यातही चालतं. माझ्या स्विच २ मध्ये सध्या तेच आहे. वर्ल्ड पुतण्या आला की निघतो, आणि ती ट्रम्पेटची धून लागली की हाक मारायची, असं त्याला बजावून ठेवलंय. त्याने आजवर दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा भलतीच निघाली.