लाईन गेली, सोबत सोलरही गेलं

गेल्या वर्षी नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, तिसऱ्या दिवशी भर दुपारी आमची लाईन गेली. नागपूरच्या झिंगाबाई टाकळीच्या आतल्या गल्ल्यांत यात नवल काही नाही. मे महिन्यात घरोघरी कूलर-एसी लागले की डीपीचा फ्यूज उडतो आणि अवकाळी वादळ आलं की तार तुटते. आमच्या गच्चीवरून कोराडी वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच, आणि इथे आमच्या हातात सुपारीच्या पानाचा पंखा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण त्या दिवशी मी निवांत होतो. गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर, बाहेर रणरणतं ऊन. दोन्ही कूलर फिरत होते. चाळीस मिनिटांनी जिन्याखालचा इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला आणि घर गप्प झालं. गच्चीवर जाऊन पाहिलं तर पॅनलवर नजर ठरत नव्हती. सोलरच्या डब्यावर लाल दिवा, आणि स्क्रीनवर ‘नो ग्रिड’. मला वाटलं, बिघाड झाला. बिघाड काहीच नव्हता. तो डबा जसा वागायला हवा तसाच वागत होता, फक्त मला विकताना त्याचं वेगळंच वर्णन केलं होतं.

त्याआधी एप्रिलमध्ये एक जण सोलर विकायला घरी आला. पोरगा गोड बोलणारा. सूर्यघर योजना, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, ती थेट तुमच्या खात्यात, हे सगळं त्याने सांगितलं आणि ते खरंच होतं. योजनेच्या पोर्टलवरच्या विक्रेत्यांच्या यादीत त्याच्या फर्मचं नावही होतं. मी म्हटलं, मला बिलाची तेवढी चिंता नाही, लाईन गेल्यावर घर चाललं पाहिजे. आईचं वय ८१ आहे, तिला उन्हाळा सोसत नाही. तो म्हणाला, “काका, मग हायब्रिड घ्या ना. दिवसा सोलरवर, रात्री बॅटरीवर. लाईन गेली का आली, तुम्हाला समजणार बी नाही.”

एकूण २ लाख ८५ हजार. त्यातले १ लाख ९० हजार बँकेतून, पक्क्या बिलावर. उरलेले ९५ हजार ‘हायब्रिड किट’चे, रोख. का? तर “त्याचं पक्कं बिल केलं तर जीएसटी लागते काका, फुकट कशाला भरता?” मी आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासायची नोकरी केली. तरी मी हो म्हटलं. लोभ दुसरं काय.

काम झालं, घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं नेट मीटर लागलं, आणि मग डेमो. हा डेमो नीट वाचा, कारण सगळी मेख तिथे आहे. भर दुपारी त्याने मीटरजवळचा मेन स्विच खाली पाडला. पंखे चालूच. कूलर चालूच. आई हसली, बायकोने तर्री-पोहे केले, त्याने गच्चीवर आम्हा दोघांचा पॅनलसमोर उभं करून फोटो काढला. मेन बंद असताना सोलरच्या स्क्रीनवर किती वॅट दिसतात ते मी पाहायला हवं होतं. मी पंखा पाहत बसलो. तो पंखा जिन्याखालच्या बॅटऱ्यांवर फिरत होता. खरं हायब्रिड असतं तर मेन पाडल्यावरही पॅनलची वीज घरात येताना दिसली असती.

हे मला आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने समजावलं. त्याने डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला. “काका, हे ऑनग्रिड हाये. लाईन नाही तर हे बी नाही.” ऑनग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनशी ताल जुळवून वीज देतो, लाईन गेली की त्याला बंद व्हावंच लागतं. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी खांबावर जाईल आणि तार जोडणाऱ्या लाईनमनला झटका बसेल. म्हणजे तो नियम चांगलाच आहे. आणि जिन्याखाली होता तो वेगळा, साधा घरगुती इन्व्हर्टर, लाईनवरच चार्ज होणारा. सोलरचा आणि त्याचा एका वायरचाही संबंध नव्हता. दोन वेगळ्या वस्तू शेजारी ठेवून मला ‘हायब्रिड’ विकलं होतं.

बॅटऱ्यांची गोष्ट तर आणखी पुढची. रात्रभर चार्ज करून दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने हायड्रोमीटर लावला. झाकण काढून काचेच्या नळीत पाणी ओढायचं आणि आतला तरंगता काटा वाचायचा, म्हणजे अ‍ॅसिडची घनता कळते. “चार्ज झालेली ट्यूब्युलर बॅटरी १२४० च्या आसपास दाखवते. ही पाहा, ११६०. हा सेल तर ११४०.” मग त्याने टर्मिनलवरचं ग्रीस पुसलं. शिशावर वायरच्या जुन्या कडीचे गोल ओरखडे. बाजूचं चकचकीत स्टिकर नखाने उचकटलं तर खाली दुसरं, फिकट, अर्धवट खरवडलेलं. त्यावरचा सिरियल नंबर मी बॅटरी कंपनीच्या हेल्पलाइनला सांगितला. चार वर्षांपूर्वी विकलेली बॅटरी, वॉरंटी संपलेली.

आणि समजा बॅटऱ्या नव्या असत्या, तरी विकणाऱ्या पोराने सांगितलेले पाच तास मिळालेच नसते. त्याचा हिशेब असा: १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या, १२ व्होल्ट, म्हणजे ३६०० वॅट-तास, घराचा लोड ७०० वॅट, भागा, पाच तास. ऐकायला किती सरळ! पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, निम्मीच वापरायची. बॅटरीवरचा एएच आकडा हळूहळू, दहा किंवा वीस तासांत उपसली तर मिळणारा. दोन कूलर एकदम ओढले की तोही घटतो. वर इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो. दोन-सव्वादोन तास, बस. ‘जितकं ऊन तितकी वीज’ हेही त्याचंच. पॅनलवर लिहिलेले वॅट पॅनल २५ अंश सेल्सिअसवर असतानाचे असतात. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांवर गेला तर अंशामागे साधारण ०.३५ टक्के, म्हणजे चौदा टक्के वीज तिथेच कमी.

मी त्याच्या दुकानात गेलो. तेव्हा तो “काका” म्हणाला नाही, “साहेब” म्हणाला. “साहेब, बिलात बॅटरी कुठे लिहिली आहे ते दाखवा. बिलात ऑनग्रिड आहे, ते चालू आहे, सबसिडी आली, बिल कमी झालं. मग फसवणूक कोणती?” अक्षर न् अक्षर खरं होतं. माझ्याकडे उरलं होतं एवढंच: व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने पाठवलेलं ‘३ किलोवॅट हायब्रिड विथ बॅकअप’ हे कोटेशन, आणि “काका, हायब्रिडचे पंच्याण्णव उद्या काढून ठेवा” असा त्याच्याच आवाजातला मेसेज. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग त्या दोन गोष्टींवर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तारखा पडताहेत.

दरम्यान उन्हाळा काही थांबत नाही. इतवारी बाजारातून दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, दुकानातच हायड्रोमीटर लावून, सिरियल नंबर बिलावर लिहून घेऊन. मुख्य म्हणजे लोड कमी केला: आईच्या खोलीतला एकच कूलर, कमी वीज खाणारे तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे, दिवे आणि वायफाय, सगळं मिळून २७० वॅट. चार तास आरामात निघतात. दिवसा लाईन गेली की सोलर आजही बंदच पडतं. खरा हायब्रिड इन्व्हर्टर बसवायला सध्या हातात पैसे नाहीत.

परवा उमरेडहून मावसभावाने एक जाहिरात पाठवली. “दादा, यांच्याकडून घेऊ का? चांगले दिसतात.” फोटोत मी आणि बायको पॅनलसमोर हसत उभे, आणि मागे खाटेवर आमच्याच कुरोड्या वाळत घातलेल्या.