स्टोरीवीव्हर: पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवताना

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. मराठी गोष्टी भरपूर आणि सगळं मोफत. नाशिकमधल्या पहिली-दुसरीच्या पालकांना आणि शिक्षकांना आम्ही ते नक्की सुचवू, पण अक्षरं आणि काना-मात्रा ओळखता यायला लागल्यावरच. न, म, क, ल आणि काना एवढ्यावर ‘नाक’, ‘कान’, ‘मामा’, ‘लाल’ वाचून घेण्याचं काम पाटीवरच चांगलं होतं.

गोष्टींचे चार स्तर आहेत. पहिला साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरा ६०० पर्यंत. खरी अडचण इथेच येते. स्तर ठरतो तो शब्दसंख्या आणि वाक्यांच्या सोपेपणावर, जोडाक्षरांवर नाही. पहिल्या स्तरावरच्या गोष्टीतही ‘सूर्य’, ‘प्राणी’, ‘ट्रक’ भेटू शकतात, म्हणजे एकच र तीन रूपांत. म्हणून गोष्ट आधी स्वतः चाळा. पानावर एक-दोन वाक्यं आणि अख्ख्या गोष्टीत चार-पाचच जोडाक्षरं असतील तर घ्या. ती जोडाक्षरं आधी फळ्यावर फोडून दाखवा.

निवडक गोष्टींना आवाज आहे. वाचला जाणारा शब्द रंगत जातो. मुलांना हे फार आवडतं, पण दोन-तीनदा ऐकलं की गोष्ट पाठ होते आणि नजर चित्रावर राहते. आपल्याला वाटतं, वाचायला लागलं! शेवटच्या पानावरचा मधलाच एखादा शब्द विचारून पाहा, लगेच कळतं. त्यामुळे पहिलं वाचन आवाज बंद करून, मुलाने स्वतः करावं. आवाज नंतर, लय कळण्यापुरता. मोबाइलवर बोट सरकवताना पान उलटू शकतं. पेन्सिलीची मागची बाजू शब्दाखाली धरायला सांगा.

घरी ‘पानी’ म्हणणारं मूल छापील ‘पाणी’ तसंच वाचेल. तिथे टोकू नका. अर्थ लागलाय, ण वेगळा दाखवला की पुरे.

पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवर जिथे रेंज टिकत नाही, तिथे पीडीएफ आधीच उतरवून नाशिकमध्ये शालिमारला झेरॉक्स काढून न्यावी. काळ्या-पांढऱ्यात चित्रं मळकट येतात, पण कागदावर जोडाक्षराभोवती गोल करता येतो. वर्गात चार मुलांत एक प्रत पुरते. त्याहून जास्त मुलं बसवली की कडेच्या मुलाला अक्षरं उलटी किंवा तिरपी दिसतात.